तुम्हीच सांगा, ताई

डॉक्टर गोळी लिहून देतात, वकील कागद करून देतात, ज्योतिषीसुद्धा निदान एखादी तारीख काढून देतो. तुम्ही नक्की काय देता? सांगलीत समुपदेशक म्हणून बसायला लागल्यापासून हा प्रश्न मी नाना तोंडांनी ऐकला आहे. हळदीच्या पेठेतले एक अडते पुतण्याला घेऊन आले होते. पोरगा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात तीन वर्षं घालवून गप्प झालेला. काकांनी सरळ हिशेब मांडला : तासभर बोलणार आमचा पोरगा, आणि वर पैसे द्यायचे आम्हीच? मला हसू आलं, त्यांनाही आलं. पण प्रश्न काही वावगा नव्हता. मी म्हटलं, "एक आधीच सांगून ठेवते. त्यानं काय करावं हे मी सांगणार नाही." त्यांचा चेहरा उतरला. "मग आणलाय कशाला त्याला?"

खरंच, मग कशाला? या कामात मला जे काही कळलंय ते सगळं या प्रश्नाच्या आसपासच आहे.

मी मूळची मिरजेची. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथे मिशनचं रुग्णालय उभं केलं आणि त्यानंतर गावाला जणू दवाखान्यांचा नादच लागला. जत, अथणी, विजापूर, बेळगाव, चिकोडी अशा सगळ्या बाजूंनी पेशंट येतात. पेशंट आत, आणि बाहेर त्याचे चार नातेवाईक. या बाहेरच्या चौघांवर आमचं घर चालायचं. आईची खाणावळ होती. दोन चपात्या, एक भाजी, आमटी-भात, आणि पथ्याच्या माणसासाठी डब्यात मऊ खिचडी. शाळेतून आल्यावर मी ताटं मांडायची, पाणी द्यायची, आणि अर्थातच कान उघडे ठेवून सगळं ऐकायची.

आईला निम्मं कानडी यायचं, उरलेलं ती हातवाऱ्यांनी भागवायची. आलेल्या माणसाला ती कधीही "पेशंट कसा आहे?" असं विचारायची नाही. आधी वाढायची. भात संपत आला की माणूस आपणहून बोलायला लागायचा. मग मात्र आई सल्ल्यांची नुसती बरसात करायची. मीरासाहेबाच्या दर्ग्याला जाऊन या, वाडीला दत्ताच्या पायावर डोकं ठेवा, त्या अमक्या डॉक्टरांना दाखवा, पोरीला बाळंतपणाला माहेरीच ठेवा. लोकांना ते आवडायचंही. त्यामुळे ऐकणं मी आईकडून शिकले, असं कोणी सुचवलं की मी मान हलवते पण मनातून पटत नाही. आई ऐकायची ती उपाय सांगण्यापुरतं. तिच्याकडून मला मिळालं ते वेगळंच : घाबरलेल्या माणसाशेजारी चुळबुळ न करता बसता येणं. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. समोरचा रडायला लागला की आपला हात आपसूक पाण्याच्या ग्लासाकडे जातो, आणि त्यात निम्मी घाई आपलीच अस्वस्थता मिटवायची असते.

पण त्या खाणावळीत मी आणखी एक गोष्ट पाहिली, आणि माझ्या कामाचा पाया म्हणायचा तर तो तोच. आमच्या बाकड्यांवर निर्णय व्हायचे. ऑपरेशन करायचं की नाही, किती कर्ज काढायचं, गावाकडे परत न्यायचं का, पिशवी काढून टाकायची का. सासरा, दीर, मोठा मुलगा, कधी गावचा एखादा शहाणा माणूस अशी चर्चा चालायची, भातावर आमटी घेत घेत. ती माणसं वाईट नसायची. दमलेली असायची, पैशाला पेचलेली असायची. पण जिच्या पोटावर सुरी चालणार ती बाई तिकडे खाटेवर, आणि तिला काय वाटतं हे कळायला कोणी शंभर पावलं चालून जात नसे. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असायचं : "तिला काय कळतंय त्यातलं?"

कोल्हापूरला मानसशास्त्रात एम.ए. करताना कार्ल रॉजर्स हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वाचला तेव्हा मला सगळ्यात आधी ती खाट आठवली. रॉजर्सनं १९५७ साली एक निबंध लिहिला. माणूस बदलायला समुपदेशकाकडून काय लागतं याची त्यानं त्यात मांडणी केली : त्यानं समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून समजून घ्यावं, अटी न घालता त्याला स्वीकारावं आणि स्वतः मुखवटा न घालता बसावं. एवढं पुरेसं आहे, असा त्याचा दावा होता. दावा धाडसी होता आणि त्यावर पुढे पुष्कळ वादही झाले. पुरेसं आहे असं मला स्वतःला वाटत नाही. आवश्यक आहे याबद्दल मात्र शंका नाही. त्यामागचा विश्वास मला फार जवळचा वाटला. आपल्या आयुष्याची माहिती ज्याची त्याला सगळ्यात जास्त असते, आणि ती वापरायला त्याला जागा मिळाली पाहिजे.

नंतर पुण्यात प्रशिक्षण घेताना अल्बर्ट एलिस भेटला, म्हणजे पुस्तकांतून आणि शिक्षकांमधून. एलिसचा स्वभाव अगदी उलट. रॉजर्स हळुवार, तर एलिस थेट वाद घालणारा. १९५५ च्या सुमारास त्यानं आपली विवेकनिष्ठ पद्धत मांडायला सुरुवात केली. घटनेमुळे माणूस कोसळत नाही, घटनेबद्दल तो स्वतःशी जे बोलतो त्यामुळे कोसळतो, हा तिचा गाभा. मराठी माणसाला ही पद्धत परकी वाटत नाही याचं मोठं श्रेय कि. मो. फडके यांना आहे. त्यांनी एलिसशी दीर्घ पत्रव्यवहार केला, ती पद्धत इथे शिकवली आणि मराठीत लिहिली. आमच्या पिढीला एलिस न्यूयॉर्कहून थेट आला नाही, फडक्यांच्या अंगणातून आला. पुतण्याच्या बाबतीत मला एलिसच उपयोगी पडला. "मी पास झालोच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी" हे वाक्य तो पोरगा तीन वर्षं मनातल्या मनात घोकत होता. ते त्याच्याच तोंडून बाहेर काढून टेबलावर ठेवायला आम्हाला तीन आठवडे लागले. परीक्षा परत द्यायची की काकांच्या दुकानात बसायचं, हे आम्ही त्यानंतरच बोललो. काय ठरलं ते सांगत नाही. ते त्याचं आहे.

(या लेखात येणारी माणसं जशीच्या तशी खरी नाहीत. चौघांचं मिळून एक माणूस केलं आहे आणि खुणा बदलल्या आहेत. ओळखीचं कोणी वाटलं तर तो योगायोग समजावा.)

तर पुस्तकं झाली, डिप्लोमा झाला, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काही वर्षं काम झालं, आणि मी सांगलीला खोली घेऊन बसले. समोर आलेलं प्रत्येक माणूस एकच म्हणत होतं : "तुम्हीच सांगा."

ही मागणी आळसातून येते असं शहरातल्या काही सहकाऱ्यांना वाटतं. मला नाही वाटत. आपल्याकडे मदत या गोष्टीचा आकारच तसा आहे. वडीलधाऱ्यानं सांगायचं, धाकट्यानं ऐकायचं, आणि न सांगणारा वडीलधारा म्हणजे अंग काढून घेणारा. मनोविकारतज्ज्ञ जे. एस. नेकी यांनी १९७३ साली गुरू-शिष्य नात्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. भारतीय रुग्णाला अलिप्त, तटस्थ उपचारक परका वाटतो. तो गुरू शोधत असतो, आणि त्या नात्याचा उपचारासाठी उपयोग करून घेता येईल, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्याशी निम्मी सहमत आहे. थंडपणे बसून "तुम्हाला काय वाटतं?" असा चेंडू परत टोलवत राहिलं तर विट्याची बाई दुसऱ्या वेळी येणारच नाही, आणि तिचं बरोबरच आहे. पण गुरू म्हटला की त्याला प्रश्न विचारता येत नाही. शिवाय आपल्याकडे गुरूच्या पायरीपर्यंत कोणाला येऊ दिलं आणि कोणाला बाहेर उभं केलं, तो इतिहास विसरून ते नातं जसंच्या तसं उचलता येत नाही. बाईला तर गुरू पुष्कळ असतात : सासू, सासरा, नवरा, थोरली जाऊ. त्यांत माझी भर कशाला?

विट्याच्या बाईबद्दल जरा सविस्तर सांगते. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. आमच्याकडे त्याला गलाई म्हणतात. दुष्काळी मुलूख, शेती पोटापुरतीही नाही, म्हणून कितीतरी घरांतला एक पुरुष केरळात, तमिळनाडूत, उत्तरेत कुठेतरी दुकान टाकून असतो. जत्रेला, लग्नसराईला गाव भरतं, एरवी म्हातारी माणसं, बायका आणि पोरं. ही बाई त्यातलीच. नवरा दक्षिणेत, ही सासू-सासऱ्यांपाशी, दोन मुलं. रात्री छातीत धडधडायचं, हातापायांना मुंग्या यायच्या, आता जीव जातो असं वाटायचं. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं, आणि त्यांनी माझ्याकडे धाडलं. पहिल्या भेटीत ती म्हणाली, "मला येड लागलंय असं घरात म्हणत्यात. लागलंय का बघा." धडधड का होते, भीतीच्या झटक्यात शरीर काय करतं, श्वास भराभर घेतला की मुंग्या का येतात, हे मी तिला कागदावर काढून दाखवलं. इतकी साधी माहिती, पण तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. वेड लागलेलं नाही हे कोणीतरी कारणासकट सांगायला हवं होतं.

खरा गुंता नंतर निघाला. नवऱ्यानं बोलावलं होतं : मुलांना घेऊन इकडे ये. सासरे म्हणत होते, आम्हाला कोण बघणार? आणि दर भेटीला शेवटची पाच मिनिटं उरली की ती म्हणायची, "ताई, तुम्हीच सांगा, जाऊ का राहू?"

माझं मत नव्हतं असं नाही. मत होतं, आणि ते जोरात होतं. मला वाटत होतं तिनं जावं. नवरा-बायकोनं एकत्र राहावं, मुलांना बाप मिळावा, सासऱ्यांच्या धाकातून ती सुटावी. वरिष्ठांनी मला कधीतरी सांगून ठेवलं होतं की मत जितकं जोरात, तितकं ते तुझ्या घरातून आलेलं असण्याची शक्यता जास्त. म्हणून मी तिला खरं तेच सांगितलं : "मत आहे मला. पण तिथं जाऊन राहणार तुम्ही. भाषा येत नाही ती तुम्हाला, पाणी कुठून आणायचं ते तुम्हाला, आणि मागे सासूबाईंचं दुखणं आलं तर फोन येणार तोही तुम्हाला. माझ्या मतानं तुम्ही गेलात आणि तिथे रात्री झोप लागली नाही, तर मी नसणार तिथे." ती थोडी रुसली. मग आम्ही कामाला लागलो. गेलं तर काय काय होईल, राहिलं तर काय काय, प्रत्येकात किंमत कोण मोजणार, आणि सगळ्यात भीती कशाची. नुसतं हो-नाही ठरवायच्या नादात या बारीक गोष्टी तिला कोणी बोलूच दिल्या नव्हत्या.

पाचव्या-सहाव्या भेटीत तिच्या तोंडून जे निघालं ते माझ्या डोक्यात कधी आलंच नसतं. जाणं-राहणं तिला तितकं छळत नव्हतं. नवरा पैसे सासऱ्यांच्या खात्यावर पाठवायचा. मुलाच्या वहीपासून स्वतःच्या औषधापर्यंत प्रत्येक रुपया तिला मागावा लागायचा, आणि का हवा ते सांगावं लागायचं. धडधड बहुतेक महिन्याच्या सुरुवातीला वाढायची. तिनं नवऱ्याला फोन करून सांगितलं की मी इथेच राहते, म्हाताऱ्यांचं करते, पण मुलांच्या शाळेचे आणि घरखर्चाचे पैसे माझ्या खात्यावर आले पाहिजेत. ते कसं बोलायचं याचा सराव आम्ही दोनदा केला. मी नवरा झाले होते आणि तिनं मला चांगलंच झापलं. प्रत्यक्षात नवरा आठवडाभर फुगून बसला आणि मग कबूल झाला. धडधड अजिबात गेली असं नाही. कमी झाली, आणि आली तरी ती आता दवाखाना गाठत नाही.

मी "जा" म्हटलं असतं तर? ती कदाचित गेलीही असती. माझ्या शब्दाला तेवढं वजन आलं होतं. आणि पैशाची गोष्ट तशीच, न बोललेली, सामानात बांधून गेली असती.

तरी ही रीत सगळीकडे चालते असं कोणी समजू नये. तीन ठिकाणी मी स्पष्ट बोलते. घरात मारहाण असेल तर "दोघांनी समजून घ्या" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात काय आहे, संरक्षण अधिकारी कोण, १८१ या महिलांच्या मदतक्रमांकाला फोन केला की काय होतं, हे मी सांगते. निर्णय तरीही तिचाच, पण हिंसेच्या बाबतीत तटस्थ राहणं म्हणजे मारणाऱ्याची बाजू घेणं. दुसरं, लहान मुलांवरचा लैंगिक अत्याचार : पोक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे, तिथे माझी गुप्तता संपते. आणि तिसरं, जीव देण्याचा विचार. मी तो थेट, त्याच शब्दांत विचारते. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरते हा समज खोटा आहे. उलट माणूस सुस्कारा टाकतो. घरातलं कोण सोबत राहील, कीटकनाशक कुठे ठेवलंय, हे सगळं मग उघड बोलायचं. द्राक्षपट्ट्यात घरोघरी फवारणीची औषधं असतात, त्यामुळे कपाटाला कुलूप लावणं हासुद्धा माझ्याकडे उपचाराचाच भाग आहे. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक देते. २०२२ पासून ती सरकारी सेवा चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं तर लगेच पाठवते. गोळ्या आणि बोलणं यांचं भांडण लावणारे लोक मला आवडत नाहीत. भास होतायत, झोप आणि जेवण सुटलंय, अशा वेळी माझ्या खोलीत तास घालवणं म्हणजे वेळ दवडणं.

गुप्ततेच्या या मर्यादा मी पहिल्याच भेटीत सांगते, नंतर नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुप्ततेचा हक्क दिला आहे आणि त्याचे अपवादही दिले आहेत. मराठीत दोन मिनिटांत सांगून होतात. पण सांगलीसारख्या गावात गुप्ततेची खरी कसोटी कायद्याच्या पुस्तकात नसते, ती मारुती चौकात असते. भाजी घेताना समोरून क्लायंट येतो. आमचा करार असा : तुम्ही ओळख दाखवलीत तर मी दाखवीन, नाहीतर आपण अनोळखी. एका लग्नात नवरीच माझी क्लायंट निघाली. मी अक्षता टाकल्या, जेवले, आणि सोबतच्या मावशीनं "ओळखीची का?" म्हणून विचारलं तर "मुलाकडून आलो" म्हणून सांगितलं. खोटं बोलणं मूल्यांत बसतं का, असा वाद घालायचा तर खुशाल घाला.

दुसरी भानगड आडनावाची. पहिल्या भेटीत माणूस माझी चाचपणी करतो : "मूळ गाव कुठलं? पाहुणे कोण म्हणायचे?" त्याला माझी जात हवी असते. राग यायचा पूर्वी. आता समजतं की दलित वस्तीतून आलेल्या मुलीला हे कळणं गरजेचं असतं, कारण हॉस्टेलवर तिला जे ऐकून घ्यावं लागलं ते माझ्यापुढे बोलावं का हे त्यावर ठरणार असतं. तिला मी सरळ सांगते, आणि हेही सांगते की माझ्या घरात ते कधी सोसावं लागलं नाही, तेव्हा मला कळलं नाही असं वाटलं तर थांबवा. आणि दुसरा एखादा केवळ आपला माणूस म्हणून हुरूप येऊन विचारत असेल, तर त्याला मी मिरजेची म्हणते आणि तिथेच थांबते. सगळ्यांना एकच उत्तर देणं म्हणजे न्याय, असं मला वाटत नाही.

आणि बेदाणे. तासगावकडची माणसं हंगामात बेदाण्याची पिशवी घेऊन येतात. पुस्तक म्हणतं भेटवस्तू घेऊ नये. पुस्तक लिहिणाऱ्याला तासगाव माहीत नाही. नाही म्हटलं तर आपलं देणं हलकं ठरलं असं त्या माणसाला वाटतं, आणि ज्याचं काम मुळात स्वतःला हलकं समजण्यावरच चाललंय त्याला मी हे कसं करू? मूठभर घेते, उरलेली बाहेरच्या टेबलावर ठेवते, येणारा-जाणारा खातो. फी मात्र ठरल्याप्रमाणे. ज्याला जमत नाही त्याची कमी, पण ती आधी ठरवून. बेदाण्यात फी वळती होत नाही. माझ्या बाजूनं निदान तेवढा हिशेब स्वच्छ असावा.

घरच्यांबद्दल बोलायचं राहिलंच. आमच्याकडे एकटं माणूस क्वचित येतं. सोबत आई, मामा, कधी अख्खी जीप. पश्चिमेकडच्या पुस्तकात ही अडचण समजली जाते. पण अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून सोबत राहायला बोलावलं होतं, आणि रुग्ण बरे होऊन घरी जायला त्याचा मोठा उपयोग झाला. घर नुसतं बाहेर ठेवून भागत नाही. मी सुरुवातीला सगळ्यांना आत घेते, सगळ्यांचं ऐकते, चहा होतो. मग बाकीच्यांना बाहेर बसवते, आणि हे सगळ्यांसमोर सांगते की आत जे बोललं जाईल ते बाहेर आल्यावर कोणी विचारायचं नाही. मामा लोक नाराज होतात. पण मिरजेच्या बाकड्यावर चालायचं ते माझ्या खोलीत चालू द्यायचं नाही, एवढा हट्ट मी धरते. खाटेवरच्या माणसाला आधी विचारायचं.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात मात्र हे सगळं शहाणपण बाजूला ठेवावं लागलं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर मदतीला आलेल्या मंडळींत समुपदेशकही होते, आणि काहींचा आग्रह असा की लोकांना एकत्र बसवून अनुभव सांगायला लावायचे. आपत्तीनंतर लगेच असं खोदून बोलायला लावण्यानं पुढचा मानसिक आघात टळत नाही, हे संशोधनाच्या आढाव्यांतून तोवर पुरेसं स्पष्ट झालेलं होतं. लोक तर चिखल उपसत होते. त्यांना खराटा हवा होता, ब्लीचिंग पावडर हवी होती, पंचनाम्याच्या कागदावर कोणाची सही लागते ते हवं होतं. मी एका गल्लीत रांगेत उभी राहून भिजलेली रेशनकार्डं वाळवली आणि फॉर्म भरून दिले. फॉर्म भरताना एक आजोबा म्हैस कशी सुटली ते सांगायला लागले. मी लिहिणं थांबवलं नाही. ते बोलत राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचारात एवढंच सांगितलंय : पाहा, ऐका, जोडून द्या. त्यातलं तिसरं सगळ्यात कष्टाचं, कारण त्यासाठी तलाठी कुठे भेटतो हे माहीत असावं लागतं.

या कामाला मोठ्या पदव्याच लागतात का, हा प्रश्न मला अलीकडे जास्त सतावतो. शेजारच्या गोव्यात संगत ही संस्था १९९६ पासून काम करते. त्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला : मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ भेटींचं एक सुटसुटीत काम करायला दिलं. नैराश्यानं बंद पडलेली छोटी छोटी कामं परत सुरू करायची, हा त्याचा गाभा. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ठरलेल्या रेषेच्या खाली आलं होतं, नुसती नेहमीचीच देखभाल, थोडी सुधारून, मिळालेल्या दुसऱ्या गटात ३९ टक्क्यांचं. हे आकडे पाहून मला आधी आनंद झाला आणि मग थोडी असूयाही वाटली, एवढी वर्षं शिकून बसलोय म्हणून. पण त्या प्रयोगात शिकवणं काटेकोर होतं आणि प्रत्येकाच्या कामावर देखरेख होती, हे विसरून चालत नाही. आपल्याकडे उलटं दिसतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, पण 'समुपदेशक' अशी पाटी लावायला वर्षानुवर्षं कोणी अडवत नव्हतं. दोन दिवसांची कार्यशाळा केलेलेही बसतात. म्हणून येणाऱ्यानं विचारावं : शिक्षण काय, कोणत्या पद्धतीनं काम करता, आणि तुमच्या कामावर नजर कोणाची असते? शेवटच्या प्रश्नाला जो अडखळेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

माझ्यावर नजर असते ती पुण्यातल्या माझ्या वरिष्ठ बाईंची. दर पंधरवड्याला व्हिडिओवर भेटतो. नावगाव न सांगता अडलेली कामं त्यांच्यापुढे मांडायची. गेल्या वेळी एका कुटुंबाबद्दल मी पार गुंतून गेले होते. मुलाला वेगळं राहायला सुचवू की नको, काहीच सुधरेना. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, "मॅडम, आता तुम्हीच सांगा." त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "सांगते की. पण आधी मला हे सांग, त्या मुलाचं ऐकताना तुला कोणाची आठवण येतेय?" तासाचे पैसे पाठवताना माझी चांगलीच चिडचिड झाली होती.